प्रश्नोत्तरे : न मिटणारा चाकू

प्रश्न : मी बोरिवली पूर्वेला राहतो, वय २४. आमचा चौघांचा गट जवळपास दर रविवारी ट्रेकला जातो. गेलं वर्षभर बुशक्राफ्टचे व्हिडिओ बघतोय : काठी तासून चमचा करणं, ओंडका फोडून आग पेटवणं, दोर आणि फांद्यांचा आडोसा बांधणं. त्यासाठी एक न मिटणारा चाकू घ्यायचाय. फार तर दीड हजार रुपये घालू शकतो. सगळे म्हणतात पूर्ण टँगचाच घे, जाड पात्याचाच घे. बाबा म्हणतात गावचा कोयता पडलाय, तो ने. नक्की काय घ्यावं? आणि तो नॅशनल पार्कमध्ये चालेल ना?
— एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की खरेदीचा विचारच बदलतो. नाही, नॅशनल पार्कमध्ये चालणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. कलम ३५ मुळे हाच नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लागतो. शस्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. कायद्यातली व्याख्या मात्र खूप रुंद आहे. धनुष्यबाण, गळ, जाळी, फास, विष यांच्या रांगेत तिथं चाकूही नाव घेऊन लिहिलेला आहे. पात्याच्या लांबीचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे "माझा तर छोटासाच आहे" हे सांगून फाटकावर काही साधणार नाही.

आणि हे फक्त बोरिवलीच्या फाटकापुरतं नाही. मुलुंडच्या टेकड्यांमागचं जंगल त्याच उद्यानाचं, ठाण्याचं येऊरही त्याचंच. वसईजवळचं तुंगारेश्वर, शहापूरकडचं तानसा, पनवेलजवळचं कर्नाळा, मुरूडचं फणसाड ही सगळी अभयारण्यं आहेत. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. भीमाशंकरही अभयारण्य. तुमच्या गटाची रविवारची यादी काढा आणि यातली नावं खोडा; काय उरतं ते बघा. शिवाय राखीव वनांत आग पेटवायला आणि झाड तोडायला भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ मना करतं. म्हणजे चाकू सॅकमध्येच राहिला, तरी व्हिडिओतला ओंडका आणि व्हिडिओतली आग आपल्या बहुतेक जंगलांत आपली नाहीत.

मला हा नियम मनापासून पटतो, आणि त्याचं कारण कारवी आहे. कारवीची काठी अंगठ्याएवढी जाड, सरळ, हलकी. तासायला घ्यावी अशीच. पण हे झुडूप साधारण आठ वर्षांत एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. आपल्या नॅशनल पार्कात ते २०१६ मध्ये फुललं, मग २०२४ मध्ये. सातव्या वर्षी कुणी हौसेनं चार काठ्या कापल्या, तर ती चार झुडपं बी न धरताच गेली. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, चारी बाजूंनी इमारती, आणि सुट्टीच्या दिवशी आत येणारी अलोट माणसं. प्रत्येकानं एकेक काठी म्हटलं तरी पुरणार नाही.

मग चाकू चालवायचा कुठे? मित्राच्या शेतावर. कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा इथं कुणाचं तरी घर असतंच, गटातल्या चौघांपैकी एकाच्या तरी ओळखीचं. मालकाला विचारून त्याच्या बांधावरचा बांबू, छाटणीत पडलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या घ्या. तेवढंही नसेल तर बांबूवाल्याकडून एक बांबू विकत आणा आणि घराच्या गॅलरीत, खाली वर्तमानपत्र पसरून बसा. तंबूच्या खुंट्या, चमचा, पातेलं टांगायचा आकडा, हे सगळं गॅलरीत शिकता येतं. मी स्वतः तिथंच शिकलो.

आता चाकू. जाड पातं, पूर्ण टँग हा सल्ला आला कुठून, ते आधी पाहू. मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट म्हणजे टँग. ते मुठीच्या शेवटापर्यंत आणि मुठीच्याच रुंदीचं असलं की पूर्ण टँग. ते का हवं? तर पातं ओंडक्यावर ठेवून पाठीवर दांडक्यानं ठोकायचं असतं म्हणून. आणि ओंडका का फोडायचा? उत्तरेकडच्या थंड जंगलात सगळं भिजलेलं किंवा बर्फाखाली असतं, उभ्या वाळलेल्या झाडाच्या गाभ्यातच कोरडं लाकूड मिळतं. ते काढून आग केली नाही तर माणूस गारठून मरू शकतो. तिथं हा सल्ला अगदी बरोबर आहे. सह्याद्रीत पावसात भिजलेल्या माणसाला आधी कोरडे कपडे लागतात, वारा अडवणारा आडोसा लागतो आणि गरम चहा लागतो. चहा आपण स्टोव्हवर करतो. आपल्या दिवसभराच्या वाटेवर चाकूला काम असतं ते दोर कापण्याचं, कांदा-बटाटा चिरण्याचं, खुंटी टोकदार करण्याचं, क्वचित पट्टी किंवा कापड फाडण्याचं. ही सगळी कामं पातळ पात्याची आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बुशक्राफ्ट हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर रुजला त्यांत कॅनडाचे मॉर्स कोचान्स्की हे मोठं नाव. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९८७ मध्ये आलं, ते २०१९ मध्ये गेले. त्या गोठवणाऱ्या जंगलात आयुष्य काढलेल्या या माणसाचा आवडता चाकू होता स्वीडनमधल्या मोरा गावचा स्वस्त, पातळ, पूर्ण टँग नसलेला चाकू. मोरात हा धंदा जुना आहे. तिथल्या फ्रॉस्ट्स कारखान्याची सुरुवात १८९१ ची. आज ते मोराकनिव्ह या नावानं चाकू विकतात. त्यांच्या 'कम्पॅनियन' या साध्या चाकूचं पातं साधारण १०.४ सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असतं. फिनलंडचा पारंपरिक पुक्को घ्या, त्याचंही शेपूट बारीकच असतं. आपल्या लोहाराच्या विळ्या-कोयत्याचंही तसंच : तापवून लाल केलेलं शेपूट लाकडी मुठीत ठोकून बसवतात, तोंडाशी लोखंडी कडं घालतात, आणि त्यावर पिढ्या निघतात. म्हणून पूर्ण टँग नाही एवढ्यावरून चाकू बाजूला ठेवू नका. मूठ हलते का, पात्याच्या मुळाशी फट आहे का, हे मात्र बघा.

मी स्वतः पहिल्यांदा उलटं केलं होतं. एका दुकानातून पाच मिलिमीटर जाडीचा, पाठीवर करवतीचे दात असलेला सुरा आणला. मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत आम्ही मुक्कामाला होतो. ज्यांच्या पडवीत झोपायचं त्या काकांना वळचणीखाली ताडपत्री बांधायला बांबूच्या पट्ट्या हव्या होत्या. मी सुरा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, आणि विचारलं, "यानं दोर कापायचा का दगड फोडायचा?" मग त्यांनी कंबरेच्या आकडीतून कोयता काढला. बांबूच्या टोकावर तो ठेवला, पाठीवर लाकडाचा तुकडा दोनदा मारला. पुढची चीर मनगटाच्या पिळानं आपोआप धावत गेली. दहा मिनिटांत एकसारख्या पट्ट्या तयार. इंग्रजी व्हिडिओत ज्याला बॅटनिंग म्हणून मोठं नाव आहे, ते त्यांच्या घरात आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. रात्री माझ्या सुऱ्यानं कांदा चिरायला घेतला तर तो चिरला न जाता मधून फुटत होता. जाड पातं पाचरीसारखं शिरतं. फोडतं, चिरत नाही. तेव्हापासून मी तीन मिलिमीटरच्या वर गेलेलो नाही.

म्हणजे आकडे असे धरा. पातं ९ ते ११ सेंटिमीटर, साधारण तुमच्या तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. जाडी दोन ते तीन मिलिमीटर. धार एकाच बाजूनं, साधी, दात नसलेली. दातांना घरी दगडावर धार लावता येत नाही, आणि पाठीवरच्या करवतीनं लाकूड कापलं जात नाही, फक्त अंगठा ठेवायची जागा जाते. दुधारी तर मुळीच नको. तासताना अंगठा पाठीवर टेकवावा लागतो. मूठ हाताला भरेल अशी, ओल्या हातातही न निसटणारी, खडबडीत रबराची किंवा साध्या लाकडाची. १९८२ च्या पहिल्या रॅम्बो चित्रपटापासून पोकळ मुठीचे, आत काडेपेटी आणि बुडाला होकायंत्र असलेले सुरे लोकप्रिय झाले. त्यांचे स्वस्त अवतार आजही मिळतात. तिथं पातं मुठीच्या तोंडाशीच एका बोटभर तुकड्यावर धरलेलं असतं आणि जोर पडला की नेमकं तिथंच तुटतं. असा चाकू फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पोलादाबद्दल दुकानदार पुष्कळ बोलतील. तुम्हाला एवढं ठाऊक असलं की पुरे : लोखंडात कार्बन अगदी कमी असला तर पाणी देऊनही ते कडक होत नाही. चाकूच्या पोलादात साधारण ०.५ ते १ टक्का कार्बन असतो. लोहार तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतो, मग हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. दोन्ही पायऱ्या नीट जमल्या तर साधं पोलादही उत्तम चालतं, आणि फसल्या तर महागड्या पोलादाचाही उपयोग नाही. स्टेनलेसमध्ये साधारण तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्यामुळे गंज कमी. साधं कार्बन पोलाद लवकर धार घेतं, पण त्याला जपावं लागतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पहिला चाकू स्टेनलेसचाच घ्या, असं मी सांगेन. तुम्ही रविवारी रात्री दमून घरी येणार, सॅक कोपऱ्यात टाकणार, आणि बुधवारी ओल्या म्यानातला चाकू आठवणार. स्टेनलेस तेवढं सांभाळून घेईल.

चाकूच्या दोन परीक्षा. एक, दुकानात जाताना खिशात लहानसं लोहचुंबक न्या. ज्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही ते चमच्या-वाट्यांचं स्टेनलेस. त्याला टिकाऊ धार येत नाही. चिकटलं म्हणजे चाकू चांगला असं मात्र ठरत नाही, फक्त वाईटातला वाईट बाद होतो. दुसरी परीक्षा विकत घेतल्यावर घरी : बारीक कानस धारेजवळच्या कडेवर हलकेच फिरवा. पातं नीट कडक झालेलं असेल तर कानस काचेवरून सरकावी तशी घसरते. मऊ असेल तर चावते आणि लोखंडाचा भुगा पडतो. मऊ निघालं तर परत करा.

आता दीड हजारांत काय? परदेशी मोरा आयातीचा खर्च चढल्यावर या रकमेत बसेलच असं नाही. बसला तर डोळे मिटून घ्या. नाही बसला तरी वाईट वाटून घेऊ नका. भांड्यांच्या दुकानात मिळणारी, दहा-अकरा सेंटिमीटर पात्याची, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्वयंपाकघरातली सुरी घ्या. तिला म्यान नसतं, ते आपण करायचं. विजेच्या वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप पंधरा सेंटिमीटर कापून उकळत्या पाण्यात चिमट्यानं धरा. मऊ झाला की दोन फळ्यांमध्ये दाबा. चपटा होऊन आत जवळजवळ चार सेंटिमीटरची रुंदी मिळते, त्यात अशी सुरी सहज बसते. थंड झाल्यावर टोकाला पाणी निथळायला भोक पाडा. थेट ज्योतीवर पाइप तापवू नका, पीव्हीसी जळताना विषारी धूर होतो. उरलेल्या पैशांतून हार्डवेअरच्या दुकानातून एक दुहेरी दगड घ्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक कणांचा. चांगला चाकू आणि दगड नाही, यापेक्षा साधी सुरी आणि दगड हे कितीतरी बरं.

बाबांचा कोयता. त्यांचं म्हणणं वरवर घेऊ नका. आपल्या मुलखातलं खरं बुशक्राफ्टचं अवजार तेच आहे. कातकऱ्यांचं नावच खैराचा कात काढण्यावरून पडलं. त्या कामात हत्यार हातात असल्याशिवाय एक दिवस जात नसे. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजतात, इतकं ते अवजार आणि माणूस एक झालेले. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून लोहार करून देतो तो कोयता बांबू फोडायला, नारळ सोलायला, झुडूप तोडायला चाकूपेक्षा दसपट कामाचा. बोथट झाला की तोच लोहार शेवटून देतो. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा बैलबाजारासाठी ओळखली जाते. तिथं शेतीची अवजारंही मांडलेली असतात. एकदा नुसती बघायला म्हणून जा.

पण तो कोयता गावीच ठेवा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात घातली आहेत. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत, हे खरं. मात्र सकाळच्या विरार लोकलमध्ये सॅकमधला कोयता शेतीचा आहे हे कुणाला आणि कसं पटवणार? पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या २०२२-२३ पासून सगळ्यांनी वाचल्या आहेत, त्यामुळे पोलिसांची नजर तिखट आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्या काळात शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी असते. मेट्रोत बॅग तपासली जाते, पातं तिथंच अडेल.

तुमच्या छोट्या चाकूसाठीही एवढं पाळा : म्यानात, फडक्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, भांड्यांच्या आणि स्टोव्हच्या सोबत. कंबरेला कधीही नाही. मुक्काम शेतावरचा असेल तरच न्या, वाट अभयारण्यातून असेल तर घरी ठेवा. आणि बिबट्यासाठी म्हणून चाकू घेत असाल तर तो विचार आजच सोडा. एकटं न फिरणं, अंधार पडायच्या आत परतणं, हातात टॉर्च असणं, यांनी बिबट्यापासून जपता येतं, चाकूनं नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीखाली सायकलवर चाक बसवलेला धारवाला येतो. त्याच्याकडून विळी आणि सुऱ्यांना धार लावून घेते. अलीकडे धार दोन आठवडेही टिकत नाही. पात्याच्या टोकाला निळसर डाग दिसतो. चुकतंय कुठे?
— एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : तो निळा डाग हेच उत्तर आहे, ताई. कोरड्या चाकावर पोलाद दाबून धरलं की पातळ कड क्षणात तापते. पात्याचं टोक सगळ्यात पातळ, म्हणून तिथं आधी. साधं कार्बन पोलाद तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं. तोवर लोहारानं दिलेला कडकपणा त्या जागी उतरलेला असतो. वरून धार लखलखीत दिसते, पण ती मऊ पोलादावरची धार असते. भेंडी-गवार चिरतानाच दुमडते.

धारवाल्याला बोलावणं बंद करू नका. त्याचा हात सरावलेला असतो, आणि पार बोथट झालेली विळी त्याच्याशिवाय लवकर ठिकाणावर येत नाही. त्याला फक्त सांगा, "भाऊ, हलक्या हातानं घ्या, मधे मधे पाण्यात बुडवा." बादलीभर पाणी तुम्हीच खाली नेऊन द्या. ठिणग्या कमी उडू लागल्या की समजा काम नीट चाललंय. निळा झालेला भाग वाईट वाटून न घेता झिजवूनच टाकावा लागतो. त्याच्या आत चांगलं पोलाद असतं.

रोजची धार मात्र घरी लावा. आमच्या आजी विळीचं पातं मागच्या दाराच्या दगडी पायरीवर घासायच्या, पाण्याचे चार थेंब टाकून. आज पायरी नाही, तर दुहेरी दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पात्याची पाठ दगडापासून थोडी वर, साधारण दोन नाणी खाली घालता येतील एवढी. कोन तोच ठेवून धार पुढे ढकलत घासा, दगडावरून साईचा पातळ थर काढतोय अशा बेतानं. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवेपर्यंत एकच बाजू. मग पातं उलटवा. मग बारीक बाजूवर तेच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेनं दहा-बारा वेळा ओढा, न्हावी वस्तरा ओढायचे तसा. पिकलेल्या टोमॅटोवर नुसत्या वजनानं सुरी शिरली की झालं.

विळीचं पातं वक्र, म्हणून तिच्याबाबत दगड हातात घेऊन तो पात्यावर फिरवावा लागतो. हे करताना विळी भिंतीला टेकवा आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका. वाटेत, मुक्कामावर दगड नसला तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची न चकाकणारी खरखरीत कड कामाला येते. ही युक्ती बोरिवलीच्या वाचकांनीही लक्षात ठेवावी.

गंजाचं विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो जागा आहे तोवर : पावसाळ्यात पातं पुसून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. ज्या पात्यानं अन्न चिरायचं त्याला यंत्राचं तेल लावू नये. चामड्याचं म्यान जून ते सप्टेंबर वापरात ठेवू नका. ओल धरतं, बुरशी येते, आणि पातं आतूनच डागाळतं.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. शिबिरात कुणीतरी लाकूड तासताना पाहिलं तेव्हापासून चाकू हवा म्हणून मागे लागली आहे. घरात सासूबाईंना मुळीच पसंत नाही. द्यावा का?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : द्या, पण सासूबाईंना सोबत घेऊन. विळीवर बसून नारळ खवणाऱ्या बाईंइतकी धारेची शिस्त घरात दुसऱ्या कुणाला नसते. पहिले धडे त्यांच्याकडूनच होऊ देत : पातं कुणाकडे तोंड करून ठेवायचं नाही, हातात देताना मूठ पुढे, काम संपलं की लगेच जागेवर. नातीला शिकवायला मिळालं की त्यांचा विरोधही बहुधा मावळेल.

सुरुवात साबणाच्या वडीपासून करा, बटाटे सोलायच्या सोलण्यानं. हात बसला की आखूड पात्याची सुरी, तिचं टोक कानशीनं गोल करून. टोकानं भोसकलं जातं, तासण्यासाठी टोक लागत नाही. तिला बसवून शिकवा, उभ्यानं नाही. कोपर गुडघ्यांवर, लाकूड गुडघ्यांच्या पुढे, सुरी अंगापासून दूर जाणारी. दोन मांड्यांच्या मध्ये कधीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते. हात पसरून गोल फिरल्यावर जेवढं वर्तुळ होतं तेवढ्यात दुसरं कुणी नको. धार मात्र तिच्या सुरीला पक्की हवी, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटतं.

बोट एकदा तरी कापणार. घाबरून जाऊ नका. स्वच्छ पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट हलवताना सुन्न वाटत असेल तर लगेच दवाखाना. धनुर्वाताची लस कधी झाली ते कार्डवर बघून ठेवा.

लाकूड मऊ द्या : शेवग्याची वाळलेली फांदी, पांगारा, किंवा सोसायटीत छाटणी झाल्यावर पडलेलं काहीही, माळीकाकांना विचारून. बांबू इतक्यात नको. त्याच्या कडा चाकूपेक्षा वाईट कापतात आणि त्याच्या सालीतल्या सिलिकानं धारही लवकर जाते. पहिल्या रविवारी एकच खुंटी करायची : एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाखाली दोर अडकायला खाच. दोन तास लागतील. झाल्यावर पातं पुसून, तेल लावून म्यानात घालण्याचं कामही तिच्याच हातून होऊ द्या, आणि ती खुंटी पुढच्या शिबिरात तिच्या तंबूला लागू द्या.